आरपार खण

रविवारी सकाळी वर्तमानपत्र घेण्यासाठी मी नेहमीप्रमाणे न पाहताच खणात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि बोटे फळीला लागून दुमडली. दुखले नाही. परंतु ज्या जागी वर्षानुवर्षे मोकळी हवा आणि पलीकडच्या घरातला चहाचा वास हाताला भेटत असे, त्या जागी काहीतरी थंड, गुळगुळीत आणि ठाम असे होते. मी हात मागे घेतला, बोटांकडे पाहिले आणि पुन्हा आत घातला. पायरी चुकलेला मनुष्य मागे वळून त्या पायरीकडे पाहतो, तशातलाच हा प्रकार होता. मग वाकून आत डोकावलो. खणाच्या पलीकडच्या तोंडावर दादाच्या बाजूने एक फळी बसवलेली होती. आमच्या घराचा आणि दादाच्या घराचा जो एकमेव सांधा उघडा राहिला होता, तो बंद झाला होता. आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

हा खण म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. आई गेल्यानंतर दादाने आणि मी राहते घर वाटून घेतले. घर एकच, परंतु कोपऱ्यावरचे असल्याने त्याला जिन्याकडे उघडणारी दोन दारे होती, म्हणून वाटणी सोपी झाली. अवघड होती ती मधली लांब खोली. तिच्यात भिंत घालावी असे सर्वांचे म्हणणे पडले. मी घरोघरी कपाटे बसवण्याचे काम करतो. मी म्हणालो, भिंत ही जागा खाते आणि परत काहीच देत नाही, तिच्याऐवजी कपाट घालू. जमिनीपासून छतापर्यंत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एकच कपाट उभे केले. त्यातले निम्मे खण आमच्या बाजूला उघडतात, निम्मे दादाच्या बाजूला. आमच्या खणाची पाठ ती त्यांची भिंत, आणि त्यांच्या खणाची पाठ ती आमची. दोन्ही संसारांची अंथरुणे, चपला, पुस्तके, औषधे, जुने पंखे, सगळे त्या एका भिंतीच्या पोटात मावले. आणि मधोमध, छातीच्या उंचीवर, एक खण मी मुद्दाम पाठीशिवाय ठेवला. दोन्हीकडून उघडा. वर्तमानपत्र एकच येई; दादा वाचून ते खणात ठेवी, मी घेई. कात्री, इस्त्री, थर्मामीटर, वाटीभर साखर, विजेचे बिल, सगळ्याची ये-जा तिथूनच होई. गिऱ्हाईक आले की मी त्या खणाची गोष्ट सांगे. म्हणे, कपाट कसे असावे, तर माणसे तुटू न देणारे असावे. हे वाक्य मला स्वतःला फार आवडत असे.

मी खुर्ची ओढून त्या फळीसमोर बसलो आणि बॅटरीच्या उजेडात तिची तपासणी करू लागलो. मनुष्याचे दुःख काहीही असो, डोळे मात्र आपल्या धंद्याचेच काम करीत राहतात. फळी खणाच्या तोंडावर चारी बाजूंनी अचूक बसली होती; कुठे केसभर फट नव्हती. एकही स्क्रू आमच्या बाजूने दिसत नव्हता. बदामी रंगाचे साधे लॅमिनेट, जे शंभर घरांत असते, आणि त्याची गुळगुळीत बाजू आमच्याकडे केलेली. कडेजवळ दोन बारीक भोके होती. ती मेण भरून बुजवलेली होती. मी नखाने खरवडून पाहिले, मेणच होते. ही कारागिराची युक्ती आहे. आणि माझा दादा, जो औषधाच्या दुकानात आयुष्यभर गोळ्या मोजत बसला, ज्याला भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी अंगठ्याला पट्टी बांधून घ्यावी लागे, त्याच्या हातून हे काम होणे शक्य नव्हते. शिवाय नवख्या मनुष्याने फळी लावली असती तर चांगली बाजू आपल्याकडे ठेवली असती. तशी जगाची रीतच आहे. चांगली बाजू समोरच्याकडे करून स्क्रू लपवायचे, हे फक्त पगारी माणूस करतो, कारण त्याला दोन्ही घरे सारखीच परकी असतात. यावरून मी जो निष्कर्ष काढला तो माझ्या दृष्टीने निर्विवाद होता. दादाने बाहेरचा सुतार आणला होता. खण बंद करणे ही एक गोष्ट. परंतु मी भिंतीपलीकडे बसलेला असताना, माझ्याच कपाटात दुसऱ्या सुताराचा हात घालणे, ही त्याहून खोल जाणारी गोष्ट होती.

"चहा निवतोय," बायको म्हणाली. ती आमच्या बाजूच्या खालच्या खणातून चादरी काढीत होती.

"हे बघितलंस का?"

"काय?"

"फळी."

तिने चादर झटकली, घडी घातली आणि म्हणाली, "गुरुवारपासून आहे ती. मी वाट बघत होते, तुमचा हात कधी लागतोय."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही भाषण दिलं असतं. म्हटलं, एवढा जिवाभावाचा खण आहे, आज ना उद्या कळेलच. तीन दिवस गेले."

तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, आणि म्हणूनच ते लागले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी आठवू लागलो. या तीन दिवसांत मला दादाकडून काहीच नको होते, आणि दादाला माझ्याकडून काहीच. वर्तमानपत्र मी रविवारखेरीज वाचत नाही. कामावरून येईतो जेवणाची वेळ झालेली असते. म्हणजे ज्याला मी दोन घरांची नाडी म्हणत होतो, ती तीन दिवस बंद राहूनही मला पत्ता नव्हता. परंतु हा विचार अडचणीचा असल्याने मी तो चटकन दुसऱ्या विचाराखाली ठेवला, जसे आपण नको असलेले सामान चादरीखाली ढकलतो, आणि कारण शोधू लागलो.

कारण सापडायला वेळ लागला नाही. बुधवारी मी या कपाटापाशी उभा राहून बायकोशी बोलत होतो. बोलणे घरातल्या पसाऱ्यावरून निघाले होते. मी तिला, गिऱ्हाइकाला सांगतो तेच सांगत होतो: रोज लागणारी वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मध्ये ठेवावी, वर्षातून एकदा लागणारी छताजवळ, आणि जी वस्तू कुठे ठेवावी हे कळत नाही ती वस्तू मुळात घरातच नको. मग दृष्टांत म्हणून मी वहिनीचे नाव घेतले. म्हणालो, वहिनीच्या घरात काहीही टाकले जात नाही. तिथे रिकामा डबासुद्धा पेन्शन घेऊन राहतो. बायको हसली होती, आणि तिच्या हसण्याने फुगून मी तेच वाक्य जरा मोठ्याने पुन्हा म्हटले होते. खण तेव्हा उघडा होता. बुधवारी वाक्य गेले आणि गुरुवारी फळी आली. याहून सरळ हिशेब कोणता असणार. वहिनीला लागले असणार. ती काही बोलली नसणार, तिचा तो स्वभाव नाही. परंतु दादाला तिचा चेहरा वाचता येतो, आणि दादाचा राग असा असतो की तो तोंडाने न बोलता काहीतरी करून टाकतो. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तेव्हा त्याने मला मारले नव्हते. त्याने आमच्या दोघांच्या सामाईक ट्रंकेत मधोमध पुठ्ठा उभा केला होता आणि आपले कपडे पलीकडे नेले होते. तो पुठ्ठा वर्षभर तसाच राहिला. आई म्हणे, तुमची ट्रंक आहे की कोर्ट आहे. त्या ट्रंकेतला तो पुठ्ठा आणि ही फळी मला एकाच झाडाची वाटू लागली, आणि एकदा तसे वाटल्यावर सगळ्या जुन्या गोष्टी आपण होऊन तिच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या: दादाने माझ्या आजारपणात खणातून फक्त औषध ठेवले, स्वतः आला नाही, त्यांच्या घरी पाहुणे आले की खणासमोर टॉवेल टाकला जाई, आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्या खणातून मला कोणी हाक मारलेली नाही.

एकेकाळी त्यातून माणूस येत असे. दादाची मुलगी, आमची चिमणी, रांगायला लागली तशी त्या खणाचा बोगदा करून घेतला होता तिने. पलीकडून कोणीतरी तिला उचलून खणात ठेवी आणि ती पोटावर सरकत, डोके पुढे काढून आमच्या घरात उगवे. तिकडे एकदा न्याहारी करून इकडे दुसऱ्यांदा करी. पुढे ती स्वतः स्टुलावर चढून येऊ लागली. एके दिवशी तिचे खांदे अडकले. मी तिला हळूच ओढून काढले. ती रडली नाही, फक्त मागे वळून त्या खणाकडे पाहत राहिली, जणू त्यानेच आपले माप बदलले होते. त्यानंतर ती दारानेही फारशी आली नाही. आता ती नोकरीला लागली आहे असे मी ऐकले होते. कोठे, कसली, हे मला ठाऊक नव्हते. आवाज ऐकू येई. मी घरी असेन तेव्हा ती कोणाशी तरी फोनवर गोड बोलत असे. मला वाटे, या वयात मुली बोलतातच.

दहाच्या सुमारास मी ओळंब्याला फोन केला. ओळंब्या हा आमच्या धंद्यातला गवंडी. उंच, काटक, आणि भिंत सरळ आहे का ते पाहायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा चालतानाही वाकत नाही म्हणून त्याला सगळे ओळंब्या म्हणतात. मी त्याला म्हणालो, हे कपाट काढून इथे पक्की विटांची भिंत घालायची आहे, माप घेऊन जा. बायको हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिली.

"एकदा जाऊन विचारा तरी," ती म्हणाली.

"त्यांनी मला विचारलं का?"

"दार तिथंच आहे. सात-आठ पावलांवर."

"दार मलाही आहे."

"मग दोघांची दारं मिळून राहू देत सुखानं," ती म्हणाली आणि आत गेली.

ओळंब्या आला, चहा प्याला आणि कपाटावर हात फिरवीत म्हणाला, "एवढं काम मोडायचं? जीव नाही तुटत?"

"तुटायचा तो तुटला."

"माझं काय, मी भिंत घालीन. पण सांगून ठेवतो, भावाभावांमधल्या भिंती मी दोनदा घालतो. एकदा घालायला बोलावतात, मग पाडायला. पाडायला धूळ जास्त." त्याने टेप सोडली, एक टोक मला धरायला दिले आणि कपाटाची रुंदी पाहू लागला. "आतलं सामान कुठं जाणार?"

लोकांच्या घरात मी पहिला प्रश्न हाच विचारतो. गेल्या महिन्यात एका घरी गेलो होतो. नवरा, बायको, सासू आणि दोन मुले. मला वाटले, आता प्रत्येकाचे कपडे, पुस्तके, भांडी असे सुरू होईल. परंतु ती बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, मला एक असा खण करून द्या की जो माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही; मोठा नको, वहीभर असला तरी चालेल. मी कारण विचारले नाही. कारण विचारायचे नसते. मी तिला तो खण करून दिला, कुलूप बसवले, आणि किल्ली तिच्या हातात ठेवताना मला वाटले की हे मी आजवर केलेले सगळ्यात शहाणपणाचे कपाट आहे. आता टेपचे टोक धरून उभा असताना ती बाई मला का आठवावी, हे कळेना. टेपची पट्टी माझ्या हातातून सुटली आणि सर्रकन ओळंब्याकडे गेली.

"थांब जरा," मी म्हणालो. "त्या बाजूनंही माप घ्यावं लागेल. मी सांगून येतो." हे खोटे नव्हते. भिंत घालायची तर दादाला सांगणे भागच होते, आणि तो बाहेरचा सुतार कोण, हेही मला त्याच्या तोंडावर विचारायचे होते.

दादाच्या दारावरची घंटा मी बारा महिने ऐकतो. ती माझ्या हाताने वाजली की कशी वाजते, हे मला नव्याने समजले. दार दादाने उघडले. तो अंगात बनियन आणि हातात वर्तमानपत्र घेऊन उभा होता. मला पाहून तो इतका चकित झाला की आधी माझ्या मागे कोणी आहे का ते त्याने पाहिले.

"काय रे? सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"मग दारानं कसा आलास?"

"दुसरी वाट तू ठेवली नाहीस."

तो खाली पाहू लागला. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "या, भावजी. आमच्या पेन्शनर डब्यांना भेटायला आलात का?"

मी जागच्या जागी मेलो. तिच्या तोंडावर मात्र हसू होते, आणि ते राग झाकणारे हसू नव्हते. ते वाक्य तिने आधी दोन-चार जणींना सांगून मुरवलेले असावे. "बुधवारी इतकं हसले मी," ती म्हणाली, "की गॅसवरचं दूध उतू गेलं. यांना म्हटलं, भावजींना सांगा, तुमच्या घरातला तो मोडका रेडिओ तर पणजोबांच्या पगारावर आहे." ती आणखी काही बोलणार तोच आतून चुटकी वाजली. चिमणी कपाटाला लागून मांडलेल्या टेबलाशी बसली होती, कानांवर हेडफोन, समोर पडदा. तिने ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केले, आणि दुसऱ्या क्षणी इतक्या वेगळ्या, इतक्या मोठ्या बाईच्या आवाजात ती कोणाला तरी म्हणाली, "हो सर, आपली तक्रार मी नोंदवून घेतलीये, आपण जरा शांतपणे सांगता का," की मला ओळख पटेना.

दादाने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेले. तिथे हळू आवाजात, मान खाली घालून, तो सांगू लागला. पोरीची नोकरी घरून होती. टेबलाला दुसरी जागा नव्हती; खिडकीशी ऊन येई, दाराशी जिन्याचा आवाज. खणाशेजारीच काय ती शांत जागा होती, म्हणजे शांत असायला हवी होती. "तू शिट्टी वाजवतोस," दादा म्हणाला. "सकाळी दाढी करताना. तुला माहितीय की नाही, ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक तिला म्हणालं, मॅडम, माझं मशीन बंद पडलंय आणि तुमच्या ऑफिसात गाणी चाललीयत. वरच्यांनी तिला ताकीद दिली. अजून कच्ची नोकरी आहे तिची."

"मग मला सांगायचं. मी शिट्टी बंद केली असती."

"शिट्टी झाली. मग भांडी. मग तुमचा नळ. काय काय बंद करायला सांगू तुला? म्हणजे तू तुझ्या घरात पाय न वाजवता हिंडायचं?" त्याने ओट्यावरचा डबा उगाच सरकवला. "आणि त्या खणाचं तुझं... तू सगळ्यांना सांगतोस त्याच्याबद्दल. मला तोंड उघडवेना."

"म्हणून बाहेरचा सुतार आणलास."

"कुठला सुतार?" तो म्हणाला, आणि त्याने आपला अंगठा पुढे केला. अंगठ्याला पट्टी होती.

मी त्याच्याकडे पाहिले आणि मग त्याच्या मागे. ओट्याखाली मी बसवलेल्या कपाटांची रांग होती, सगळी बदामी. त्यांतल्या एका कप्प्याला दार नव्हते. तिथे दोरीवर फुलाफुलांचा कपडा टांगलेला होता आणि त्याच्या खालून वहिनीचे डबे दिसत होते. माझी एक सवय आहे: मी घरातली सगळी कपाटे एकाच मापात करतो, म्हणजे एखादे दार बिघडले तर दुसरीकडचे लावता येते. स्वयंपाकघर असो की बैठक, दाराचे माप तेच. मी बाहेर आलो. चिमणीचा फोन चालू होता. तिच्या डोक्यापलीकडे, खणाच्या तोंडावर, ते दार उलटे लावलेले होते. आमच्याकडे त्याची गुळगुळीत दर्शनी बाजू. इकडे आतली, लॅमिनेट नसलेली बाजू, तेलाचे डाग पडलेली, एका कडेला बिजागरीचे दोन गोल खड्डे, आणि आठ स्क्रू, त्यांतला एकही सरळ नाही. मेण भरलेली ती दोन भोके म्हणजे मूठ काढल्याची जागा. मी इतकी वर्षे लाकडाकडे पाहतो, आणि माझ्याच हातचे दार मला ओळखता आले नव्हते.

"मी म्हटलं होतं यांना," वहिनी माझ्या कानाशी कुजबुजली, "चांगली बाजू आपल्याकडे ठेवा, पोरगी दिवसभर तिथं बसते. ऐकतील तर ना. म्हणे, तिचं लक्ष पडद्यावर असतं. तो तिकडून बघणार, त्याला असलं ओबडधोबड दिसलं तर जेवण जायचं नाही. मेणबत्ती घेऊन भोकं भरत बसले होते."

दादा मागे उभा होता. त्याला वाटले मी स्क्रूंकडे पाहतो आहे. तो म्हणाला, "वाकडे गेलेत. माहितीय मला." मी म्हणालो, "धरलंय ना घट्ट. झालं." चिमणीने फोन संपवला, हेडफोन गळ्यात घेतले आणि खुर्ची वळवून म्हणाली, "काका, रागावलात?"

"नाही. तुला इकडच्या बाजूला काही लावून देऊ का? डाग दिसतात."

तिने मागे वळून फळीकडे पाहिले, जसे लहानपणी पाहिले होते. "आत्ता नको," ती म्हणाली. "आधी आईच्या डब्यांना दार द्या. झुरळं होतायत." मग पुन्हा फोन वाजला आणि ती पुन्हा ती मोठी बाई झाली. मी गुडघे टेकून ओट्याखालच्या कप्प्याचे माप बोटांनी घेतले. घेण्याची गरज नव्हती. ते मला पाठ होते. परंतु हातांना काहीतरी काम हवे होते.

घरी आलो तेव्हा ओळंब्या कपाटाला टेकून बसला होता. मी म्हणालो, भिंत नको. तो म्हणाला, "पाडायचं काम वाचलं," आणि टेप खिशात टाकून, अजिबात न वाकता, जिना उतरून गेला. बायको माझ्या तोंडाकडे पाहून चहा ठेवायला गेली. मी खुर्चीत बसलो. घर फार शांत वाटत होते. पलीकडचे काहीच ऐकू येत नव्हते, आणि आपलेही काही पलीकडे जात नसणार, या जाणिवेने मला थोडे मोकळे आणि थोडे एकटे वाटले. शिट्टी वाजवून पाहावी असे मनात आले. परंतु कोणते गाणे मी वाजवतो, ते काही केल्या आठवेना.

मग मी सवयीने, न पाहता, खणात हात घातला. बोटे फळीला लागली. या खेपेस मी हात लगेच मागे घेतला नाही.

"पेपर आणलात का?" बायकोने आतून विचारले.

"राहिलाच," मी म्हणालो, आणि उठून चपला घातल्या.